हिशेब आषाढातल्या संध्याकाळचा

शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या छतावर २००९ साली ऊन एकवटून वाफ बनवणाऱ्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर डिश बसल्या. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ देण्याची त्यांची क्षमता. एका ठिकाणी उष्णता मिळवून ती नळांवाटे अनेक कढयांना पुरवणारी ही व्यवस्था म्हणजे युरोपातल्या शहरी उष्णताजालाचे छोटे रूपच. अशा प्रकल्पांचे यश आपण वर्षाकाठी वाचलेल्या गॅसवरून मोजतो. पण ऊन नसताना वाफ देणारा गॅसचा बॉयलर किती मोठा हवा हे वर्षाच्या सरासरीवर ठरत नाही, ते सर्वाधिक मागणीच्या घटकेवर ठरते. शिर्डीच्या मुख्य उत्सवांपैकी रामनवमी चैत्राच्या उन्हात येते. गुरुपौर्णिमा मात्र आषाढात, ऐन ढगांत. रोजच्या संध्याकाळच्या पंगतीलाही ऊन उरलेले नसते. इंधन ठाण मांडून बसते ते या दोन वेळांना. नुसत्या डिश वाढवून ते हटणार नाही, कारण शेफलर डिशला थेट ऊनच लागते.

संध्याकाळची तूट तासांची आहे, तिला साठा पुरतो. रोजच्या वाफेचा चौथा हिस्सा राखायचा तर टाकीत दाबाखाली ठेवलेले साधारण नऊ टन पाणी १८० अंशांवरून १३० अंशांवर उतरू द्यावे लागेल. दाब घटला की त्यातूनच वाफ सुटते. डेन्मार्कमधल्या व्होयेन्सने उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यापर्यंत राखायला दोन लाख घनमीटरचा जलसाठा उभारला. आपली गरज काही तासांचीच आहे. ढगाळ आठवड्याला मात्र अशी टाकी पुरणार नाही. तिथे अहिल्यानगर जिल्ह्याच्या साखरपट्ट्यातला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, हवा, गाळप हंगामात ब्रिकेट करून कोरडा ठेवलेला. गॅसच्या बॉयलरमध्ये तो जळणार नाही, म्हणून बॉयलर बदलतानाच हा विचार व्हावा. कारखान्यांना बगॅस सहवीजनिर्मितीसाठी लागतो हे खरे, पण मोजक्या ढगाळ दिवसांची गरज त्या मानाने किरकोळ आहे.

मोजक्या दिवसांसाठी एवढा खर्च कशाला, असे विचारले जाईल. टाकी उत्सवापुरती नाही, ती ऊन पडलेल्या प्रत्येक दिवसाच्या संध्याकाळी राबेल. दुपारची वाफ दुपारीच संपत असेल तर साठवायचे काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी वाफेची तासवार नोंद हवी. शिल्लक निघाली तर टाकी, नाही तर आधी स्वयंपाकाच्या वेळा बदलणे आणि मग साठ्याला पुरतील इतक्याच जादा डिश, हा क्रम त्या नोंदीतूनच ठरेल. सौर वाफेचा पुढचा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला म्हणूनच आमची विनंती आहे: वर्षाच्या बचतीआधी आषाढातल्या एका ढगाळ संध्याकाळचा हिशेब मांडा.