हिरड्यांचा रोग व विडी कामगार

दात पडले की 'वय झाले' असे म्हणून आपला समाज मोकळा होतो. हिरड्यांतून रक्त येणे, दात हलणे, यांना आजार म्हणण्याइतकी सवड व पैसा कष्टकऱ्यांजवळ नसतो. वस्तुतः या पायोरियाच्या मुळाशी शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत घडणारी एक विलक्षण फितुरी आहे.

'पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस' नावाचा जंतू दात व हिरडी यांमधील फटीत राहतो. जंतू दिसताच रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात, त्याला गिळतात व मारतात, हा शरीराचा नेम होय. हा जंतू मात्र रक्तातील एका संरक्षक प्रथिनाचे तुकडे करून स्वतःच त्या पेशींना हाक देतो. पेशी येतात, दाह पेटतो. परंतु मारण्याची आज्ञा पेशीच्या आतच खुडली जाते. दाहाने मोडलेल्या ऊतींतून प्रथिनांचे तुकडे व लोह सुटते आणि त्यावर जंतूंची सारी वस्ती पोसली जाते. जबड्याचे हाड झिजते ते बव्हंशी आपल्याच सैन्याच्या या निष्फळ लढाईने. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात असे आढळले की, तोंडात इतर जंतू नसतील तर हा एकटा हाडाचे काही बिघडवू शकत नाही. शेजार मिळाला की अत्यल्प संख्येनेही पुरा घात करतो. घरभेद्यांची ही रीत राजकीय कार्यकर्त्यांना अपरिचित नसावी!

हा दाह तोंडापुरता राहत नाही. मधुमेहाने हिरड्या बिघडतात व बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आवरणे अवघड होते. त्यात तंबाखूची भर. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकलेला राहतो. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्राने १९९२ साली बंदी घातली व १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली; परंतु घरच्या चुलीवर भाजलेल्या मशेरीपर्यंत कोणता कायदा पोहोचणार?

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे विडी उद्योगाचे जुने केंद्र. तेथे विड्या वळणारे हात मुख्यतः स्त्रियांचे. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने चालले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि उपकर गेला. कामगाराच्या हक्काच्या पैशाची जागा सरकारी अंदाजपत्रकातील मेहेरबानीने घेतली, हा बदल फारशी चर्चा न होता घडला.

राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतून दंतवैद्य बाहेर पडतात आणि शहरांत खासगी दवाखाने थाटतात. दातांवरील किटण काढणे हे काही अवघड शस्त्रकर्म नव्हे. तेवढ्यानेही दाह पुष्कळ ओसरतो. विडी कामगारांच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस दंतवैद्य बसावा, हिरड्यांबरोबर रक्तातील साखरही तपासली जावी आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये, ही मागणी संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीपत्रातच घातली पाहिजे.