छतावर सोलर, तरी लाईट गेली की काम बंद? घरच्या वर्कशॉपसाठी ऑफ-ग्रिडचं गणित

पुणे जिल्ह्यात शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा नदी वाहते. तिच्या काठावर, शिरूरच्या बाजूला वडगाव रासाई आहे. उसाच्या या पट्ट्यात विजेचा विषय निघाला की आधी शेतीपंपाची चर्चा होते. रात्री पाणी द्यायला जायचं आणि उसात बिबट्या असायचा, अशी इथल्या शेतकऱ्यांची अडचण आहे. त्यामुळे दिवसा वीज ही त्यांची जुनी मागणी.

पण वीज गेली की आणखी एका ठिकाणी काम थांबतं. घराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालणारं छोटं वर्कशॉप. कुणी औजारं दुरुस्त करतं, कुणी सुतारकाम, तर कुणी पीठ दळून देतं. अशा कारागिराला सध्या सगळीकडून एकच सल्ला मिळतो : सरकार अनुदान देतंय, छतावर सोलर बसवून टाका.

या सल्ल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते.

अनुदान नेमकं कशाला मिळतं?

'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना' फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. देशातल्या 1 कोटी घरांवर सोलर बसवणं हे तिचं उद्दिष्ट आहे. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला 78 हजार रुपये केंद्राकडून मिळतात.

अट अशी की कनेक्शन घरगुती हवं आणि यंत्रणा महावितरणसारख्या वीज कंपनीच्या ग्रिडला जोडलेली हवी. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरतं, बॅटरीसाठी वेगळे पैसे मिळत नाहीत.

लाईट गेल्यावर सोलर का बंद पडतो?

ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईनमध्ये वीज असेपर्यंतच चालतो. ती गेली की तोही काही क्षणांत बंद होतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो.

हा बिघड नसतो. वायरमन दुरुस्तीसाठी खांबावर चढलेला असताना एखाद्या छतावरून लाईनमध्ये वीज आली, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून ही सुरक्षा सक्तीची आहे.

थोडक्यात, अनुदानाचा सोलर बिल कमी करतो, पण खंडित विजेवर तो उपाय नाही. लाईट नसतानाही काम चालू ठेवायचं असेल तर बॅटरी लागतेच. त्यासाठी ग्रिडपासून पूर्ण वेगळी, म्हणजे ऑफ-ग्रिड यंत्रणा बसवता येते किंवा ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेता येतो.

किती किलोवॅट लागेल?

सुरुवात पॅनेलपासून नाही, रोजच्या कामापासून करावी लागते. एका छोट्या वर्कशॉपचा हिशोब असा मांडता येईल :

- 1 एचपीची मोटर, साधारण 1 किलोवॅट, 2 तास : 2 युनिट
- 800 वॅटचा ग्राइंडर, 1 तास : 0.8 युनिट
- 600 वॅटचं ड्रिल, अर्धा तास : 0.3 युनिट
- दिवे आणि पंखे मिळून 150 वॅट, 6 तास : 0.9 युनिट

एकूण 4 युनिट. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, त्यामुळे पॅनेलकडून पाचेक युनिट मिळायला हवेत. महाराष्ट्रात 1 किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिट देतं. या हिशोबाने उन्हाळ्यात दीड किलोवॅट पुरेल. पण पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं, म्हणून 2 किलोवॅट धरणं शहाणपणाचं.

खर्च कुठे वाढतो?

पहिली जागा बॅटरी. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट साठतात. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणजे हाताशी येतात जेमतेम 0.9 युनिट. ऊन नसताना 2 युनिटचं काम करायचं असेल तर दोन बॅटऱ्याही थोड्या कमीच पडतात. लिथियम बॅटरीतली बरीच जास्त वीज वापरता येते आणि ती टिकतेही जास्त, पण सुरुवातीलाच मोठी रक्कम घालावी लागते.

दुसरी जागा मोटरचा झटका. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचू शकते. इन्व्हर्टर तो सोसणारा नसेल तर मोटर फिरण्याआधीच तो ट्रिप होतो.

वेल्डिंगचं गणित आणखी वेगळं आहे. 140 अँपिअरवर वेल्डिंग करताना मशीन 4 किलोवॅटहून जास्त वीज घेतं. फक्त तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या घेणं बहुतेकांना परवडत नाही. वेल्डिंग ग्रिडवर आणि बाकीचं काम सोलरवर, अशी विभागणी स्वस्त पडते. जी कामं दुपारी थेट उन्हाच्या विजेवर उरकतील, तेवढी बॅटरी कमी लागते.

परवानगी लागते का?

स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करायला वीज कायदा 2003 नुसार परवाना लागत नाही. घरच्या कनेक्शनवर व्यवसाय करण्याबाबत मात्र नियम आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांनुसार, घराच्या काही भागात व्यवसाय असेल तर महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 युनिटपर्यंत घरगुती दर लागू राहतो. वर्कशॉपचं कनेक्शन व्यावसायिक किंवा औद्योगिक असेल तर सूर्यघरचं अनुदान मिळत नाही.

धोरणात कारागीर कुठे आहे?

2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये ऑफ-ग्रिडसाठी 2022 पर्यंत 2,000 मेगावॉटचं वेगळं लक्ष्य होतं. आज बहुतेक पैसा तीन वाटांनी जातो : घरांची छतं, शेतीपंप आणि शेतीचे फीडर. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला फक्त 10 टक्के रक्कम भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी हा वाटा 5 टक्के आहे.

सौरऊर्जेवरच्या छोट्या व्यवसायांसाठी केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये एक आराखडा जाहीर केला. पण सूर्यघरसारखं, अर्ज केला की थेट खात्यात येणारं अनुदान कारागिराच्या बॅटरीला नाही. सप्टेंबर 2025 पासून सौर पॅनेलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, एवढा दिलासा आहे. पण बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च त्यालाच करायचा असतो.

म्हणून कोटेशन मागण्याआधी महिनाभर एका वहीत दोन गोष्टी लिहून ठेवणं फायद्याचं : लाईट किती वेळ गेली आणि त्यामुळे किती रुपयांचं काम बुडालं. नुकसान थोडं असेल तर अनुदानाचा ग्रिडवरचा सोलर पुरेसा आहे. बुडालेलं काम बॅटरीच्या हप्त्यापेक्षा जास्त भरत असेल, तरच ऑफ-ग्रिड किंवा हायब्रिडचा खर्च वसूल होतो.