सेन्सर बदलण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ गाडी घेऊन गॅरेजला आले. डिकीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर पालथी केली. आत तीन कॅम सेन्सर. पहिला गाडीबरोबर आलेला. दुसरा त्यांनी ऑनलाइन मागवून, सोसायटीच्या पार्किंगमध्ये १० नंबरचा पाना लावून स्वतः बसवलेला. तिसरा 'तुमचा माल डुप्लिकेट होता' असं सांगून एका गॅरेजनं बदललेला, तोही आणखी एका गॅरेजनं काढला होता. चौथा इंजिनवर होता. मोबाइलवर कोड मात्र पहिल्या दिवशीचाच, पी-०३४०. चेक लाइट विझायचा आणि दोन-तीन दिवसांत परत लागायचा.

"माझं कुठं चुकलं तेवढं सांगा," ते म्हणाले. भांडायला आले नव्हते, विचारायला आले होते.

चावी ऑन केली. कपलर न काढता मागच्या सीलमधून प्रोब सरकवला. पुरवठ्याची वायर ५ व्होल्ट, अर्थिंग चांगलं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवलं, तसा सिग्नल ५ वरून शून्याजवळ आणि परत ५ वर जात होता. म्हणजे सेन्सर आपलं काम करत होता. इंजिन अशा जागी थांबवलं की मीटर ५ वर राहील, आणि वायरिंग सेन्सरपासून पुढं वीतभर, वीतभर हलवत गेलो. एअर फिल्टरच्या डब्याखाली एका ब्रॅकेटच्या कडेशी हात पोहोचला आणि मीटर शून्यावर आला. टेप सोडली. सिग्नलच्या वायरीचं वेष्टन घासून गेलं होतं, तांबं हिरवं पडलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की वायर ब्रॅकेटला टेकायची. खराब तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर मारलं, स्लीव्ह चढवली, जुडगा ब्रॅकेटपासून दूर बांधला. माल शंभर रुपयांचाही लागला नाही.

या प्रकरणात त्या गृहस्थांची चूक लहान आहे. मोबाइलनं कोडच्या पुढं 'कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर' असं लिहून दाखवलं, त्यांनी सेन्सर बदलला. पण त्यांच्यानंतर दोन गॅरेजनी नेमकं तेच केलं, आणि त्याचे पैसे घेतले. त्या दोघांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही कोड बघून पार्ट बदलत होतो. त्यातल्या किती गाड्या दुसऱ्या गॅरेजला जाऊन बऱ्या झाल्या असतील, ही गोष्ट मनात टोचत राहते.

पी-०३४० हा कोड सेन्सर खराब आहे असं म्हणत नाही. तो म्हणतो की कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, कपलर आला, तीन वायरी आल्या, अर्थिंग आलं आणि अगदी शेवटी ईसीयू आला. उंदरानं कुरतडलेली वायर, कपलरमध्ये झिरपलेलं ऑइल, प्रेशरनं इंजिन धुताना आत गेलेलं पाणी, या सगळ्यांना ईसीयूकडे हा एकच कोड आहे. पी-०३४१ म्हणजे सिग्नल येतोय, पण अपेक्षेसारखा नाही. पी-००१६ आला तर गोष्ट वेगळी. तिथं क्रँक आणि कॅम दोघंही बोलताहेत, पण त्यांचा मेळ बसत नाही. पी-००११ आला तर कॅम जितका पुढं असायला हवा त्यापेक्षा जास्त पुढं गेलाय किंवा तिथंच अडकलाय. चारही कोडवर 'कॅमचा प्रॉब्लेम' एवढंच ऐकून सेन्सर मागवणारे आपल्यात आजही थोडे नाहीत.

आणखी एक सवय सोडायला हवी. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहमवर तपासून 'गेला' म्हणायचं, हे चुकीचं आहे. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, ओहममधून त्याची तब्येत कळत नाही. ओहम चालतो तो दोन वायरींच्या कॉइलवाल्या सेन्सरला, आणि त्यालाही सेल्फ मारताना एसी व्होल्टेज बघितल्याशिवाय खात्री मानू नये. वायरीच्या वेष्टनात सुई खुपसणंही बंद करा. आज टोचलेल्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं, आणि ती गाडी पुन्हा याच कोडसाठी कुणाच्या तरी दारात उभी राहते.

एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. म्हणजे आज गॅरेजला येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट आहे, आणि स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल लावून कोणीही घरबसल्या कोड वाचू शकतं. आपल्यातल्या अनेकांना याचा राग येतो. 'गिऱ्हाईक मोबाइल बघून आपल्याला शिकवायला लागलं' ही तक्रार मी दर बैठकीत ऐकतो. मला हा राग पटत नाही. ज्यानं कोड लिहून आणला, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून आणला, लाइट कधी लागतो हे सांगितलं, त्यानं आपलं अर्धं काम केलेलं असतं. इंजिनचं तापमान किती होतं, आरपीएम किती, गाडी चालू होती की उभी, हे त्या एका फोटोत असतं. बॅटरीचं टर्मिनल काढून लाइट विझवून येणारं गिऱ्हाईक ही सगळी माहिती पुसून येतं. म्हणून आपणच गिऱ्हाइकाला सांगायला हवं की कोड वाच, फोटो काढ, पण पुसू नको.

घरी त्याला काय करू द्यावं, हेही आपणच सांगायला हवं. ऑइलची लेव्हल आणि ग्रेड पाहणं, बॅटरीचं व्होल्टेज पाहणं, कपलर काढून पिनांवर ऑइल किंवा हिरवट थर आहे का बघणं, बोनेटखाली उंदराच्या लेंड्या शोधणं, हे कोणीही करू शकतं आणि यातून खरोखर गाड्या बऱ्या होतात. विशेषतः पी-००११ ऑइल बदलल्यानंतर लगेच आला असेल तर आधी बिल काढून कुठलं ऑइल पडलं ते बघावं. व्हीव्हीटीचा फेजर ऑइलच्या दाबावर फिरतो. त्या दाबाची वाट ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक जाळीतून जाते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत मी ती जाळी काळ्या लोण्यासारख्या गाळानं बुजलेली पाहिलीय. अशा गाडीला शंभर सेन्सर लावा, काही होणार नाही.

मात्र एका जागी गिऱ्हाइकाला ठामपणे थांबवायचं. पी-००१६ आहे आणि सकाळी थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूनं खडखड येते, एवढं फोनवर कळलं तरी त्याला सांगा की गाडी पुन्हा चालू करू नका, टो करून आणा. चेन ताणली गेली असेल किंवा टेन्शनरमध्ये ऑइल टिकत नसेल. कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात धरले, तर एक दात सरकला की कॅम १० अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबानं २० अंश. आज रस्त्यावरच्या बहुसंख्य इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आलटून पालटून येतात. आणखी एक-दोन दात सरकले तर हेड उतरवावं लागतं, आणि तो खर्च ऐकून माणूस दारातच बसतो.

या कोडवर आपल्याकडे स्कोप असेल तर काम फार सोपं होतं. क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकाखाली एक घ्या आणि त्याच इंजिनच्या चांगल्या गाडीच्या नमुन्याशी ताडून पहा. ६० वजा २ दातांच्या चाकावर एक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश. कॅमची कड नमुन्यात ज्या दातापाशी येते त्याच्या तीन दात पलीकडे आली असेल तर पुढचं कव्हर खोलायच्या आधीच तुम्हाला कळलं की चेन सरकली किंवा फेजर अडकला. गिऱ्हाइकालाही तो आलेख दाखवता येतो. हजारो रुपयांचं काम सांगताना हातात काहीतरी दाखवायला असावं, ही त्याची अपेक्षा रास्त आहे.

राहिला पैशांचा प्रश्न, जो सगळे मला खासगीत विचारतात. तपासायला अर्धा तास गेला आणि शंभर रुपयांची वायर निघाली, तर बिल कशाचं करायचं? तपासणीचं. सरळ तसं लिहा. 'कॅम सर्किट तपासणी, पुरवठा ५ व्होल्ट, अर्थिंग ड्रॉप इतका, सिग्नल हलवल्यावर तुटतो, जागा अमुक' असं बिलावर आलं की माणूस घासाघीस करत नाही. त्या तीन सेन्सरवाल्या गृहस्थांकडून मी तपासणीचे पैसे घेतले, त्यांनी ते आनंदानं दिले आणि बिलावरच्या रीडिंगचा फोटो काढून घेतला. आपण सेन्सरच्या कमिशनमध्ये मजुरी लपवत आलो, म्हणून तपासणी फुकट असते असं गिऱ्हाइकाला वाटू लागलं. ही सवय आपण लावलीय, मोडायचीही आपणच आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसून लगेच चावी हातात देऊ नका. ईसीयूची स्वतःची तपासणी पूर्ण व्हायला गाडी थंड चालू व्हावी लागते, गरम व्हावी लागते, वेगवेगळ्या वेगानं धावावी लागते. जमलं तर गाडी रात्रभर ठेवा, सकाळी स्वतः चालवा, स्कॅनरवर पेंडिंग कोड बघा.

पुढच्या अंकापासून क्रँक-कॅमच्या चांगल्या नमुन्यांसाठी आपण दोन पानं राखून ठेवत आहोत. ज्यांच्याकडे स्कोप आहे त्यांनी ठणठणीत गाड्यांचे आलेख पाठवावेत. सोबत मॉडेल, इंजिन, वर्ष, किलोमीटर आणि कोणता चॅनल कुठं जोडला होता तेवढं लिहावं. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव झाकायला विसरू नका.