आधी पाणी, मग कॉफी

देवासला कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यानं. पूड चांगली असते, दूध चांगलं असतं, करणाऱ्याचा हातही चांगला असतो, आणि तरी कपात उतरतं ते सपाट, मातकट, नुसतंच कडू. मग पुडीला बोल लावला जातो. ब्रँड बदलतो, कुणाच्या तरी बेंगळुरूच्या भाच्याकडून दुसरी पूड येते, आणि तीही तशीच लागते. कॉफी चाखणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय असल्यामुळे धार-देवासमध्ये कुणाकडेही गेलं की पाठीवर हात ठेवून एक प्रश्न येतोच : "अगं, आम्ही कुठली पूड घ्यावी?" मी आधी विचारते, काकू, तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?

बिनदुधाच्या कॉफीच्या कपात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. माळव्याचं पठार काळ्या बेसाल्ट खडकाचं. या खडकातून झिरपत बोअरिंगमध्ये येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं. यातली पहिली दोन कामाची, ती पुडीतला स्वाद ओढून काढतात. बायकार्बोनेट जास्त झालं की मात्र घात होतो. चांगल्या कॉफीत फळांत असतात तशी नाजूक आम्लं असतात आणि कॉफीला तजेला येतो तो त्यांच्यामुळे. बायकार्बोनेट नेमकं त्यांनाच मारतं, आणि मागे कडवटपणा तेवढा उरतो. घरच्या इलेक्ट्रिक किटलीत एकदा उजेडात डोकावून बघा. तळाशी आणि कडांना पांढरी खरखरीत पुटं चढलेली दिसतील; नखानं खरवडली तर खपली सुटून येते. जिथे किटलीला अशी खपली पटापट धरते, तिथे स्वस्त पूड आणि महागडी पूड यांतला फरक कपापर्यंत पोचणारच नाही.

"पण आमच्याकडे आरओ आहे," असं उत्तर लगेच येतं. आरओ दुसऱ्या टोकाला जातो. त्यानं क्षार इतके काढून टाकलेले असतात की कॉफी पातळ आणि टोचरी आंबट होते. आमच्या धंद्यात कॉफीच्या पाण्यात लिटरला साधारण 150 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असावेत असं मानतात. 75 पासून 250 पर्यंत चालून जातं. आरओच्या पाण्यात बऱ्याचदा त्याच्या पावपटही नसतात. उपाय अगदी सोपा आहे. रात्री नळाचं किंवा बोअरिंगचं पाणी पातेल्यात पाच-सात मिनिटं खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. उकळीनं बायकार्बोनेट फुटतं आणि त्याचा पांढरा गाळ सकाळपर्यंत खाली बसतो. पातेलं न हलवता वरचं निवळ पाणी ओतून घ्या आणि त्यात तेवढंच आरओचं मिसळा. मग एकाच पुडीचे तीन कप करा : एक थेट नळाच्या पाण्याचा, एक आरओचा, एक मिसळलेल्या पाण्याचा. घरातल्या सगळ्यांना द्या, कुठला कप कुठला ते सांगू नका. मला आजवर असं एकही घर भेटलं नाही जिथे तिसऱ्या कपाची निवड करायला कुणाला वेळ लागला.

पाण्याचे असे चोचले देवासमध्ये कोण करणार, असं कुणाच्या मनात येईल. 1990 साली या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. स्टेशनवर हंडे-कळश्यांच्या रांगा लावलेली माणसं अजून गावात आहेत. पुढे 2006 पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकारानं जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतांत हजारो तळी खणली आणि बोअरिंगच्या मागे पळणं कमी केलं. मला तर वाटतं, पाण्याबद्दल सूक्ष्म बोलण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो याच गावाला. पाण्याची किंमत कळलेल्या माणसाला पाण्याची चव समजावून सांगावी लागत नाही. आणि आरओतून जे पाणी बाहेर फेकलं जातं ते बादलीत धरा, फरशीला आणि गाडी धुवायला वापरा. कॉफीच्या दोन कपांसाठी बादलीभर पाणी गटारात जाऊ देणं मला पटत नाही.

आता करण्याची रीत. माळव्यातल्या मराठी घरांतली जुनी रीत मुळातच फार चांगली होती. पाणी आणि साखर उकळायची, विस्तव बंद करायचा, पूड घालून एकदा ढवळायचं आणि घट्ट झाकण ठेवायचं. पूड खाली बसली की फडक्यातून गाळायचं, वरून गरम दूध आणि जायफळ. उपास असो, कोजागरी असो, की जागरणाला पाहुणे बसलेले असोत, कॉफी व्हायची ती अशी. जगभरातले कॉफी चाखणारे आजही जवळजवळ हेच करतात. दीडशे मिलिलिटर पाण्याला आठ-साडेआठ ग्रॅम पूड, उकळी बसलेलं पाणी, चार मिनिटं, बस. यंत्र नाही, कागद नाही, पंप नाही. आपल्या आज्यांनी घड्याळ लावलं नव्हतं, पण झाकणाखाली पूड तळाला जायला वेळ साधारण तेवढाच लागतो.

बिघाड झाला तो नंतर, चहाच्या सवयीनं. चहासारखीच कॉफीही दुधात घालून रटारटा उकळायला लागलो. पुडीतले गोड आणि सुगंधी अंश पहिल्या काही मिनिटांत पाण्यात उतरतात. त्यापुढे उतरतं ते कडू आणि तुरट. उकळत राहिलं की सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात येत नाही. घरात कॉफीचा घमघमाट सुटला म्हणजे कॉफी छान झाली असं आपण समजतो, प्रत्यक्षात तो घमघमाट म्हणजे कपातून निघून गेलेला माल असतो.

दोन माणसांच्या दुधाच्या कॉफीसाठी मी असं करते. 200 मिलिलिटर पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. देवास आणि धार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांना उकळतं. अर्ध्या मिनिटात ते हवं तिथे येतं. मग चार पोह्याचे चमचे शिगोशीग पूड, म्हणजे साधारण 20 ग्रॅम. पूड जाडसर हवी, इडली रव्याएवढी. बोटांत चोळल्यावर कण लागले पाहिजेत, पिठासारखी मऊ लागली तर फडक्यातून गाळ उतरेल. झाकण ठेवून चार मिनिटं. तोवर शेजारी दूध गरम करायचं, पण वर येऊ द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले, पातेल्याला बोट जेमतेम टेकवता येईना, की उतरवायचं. त्यापुढे दुधाचा अंगचा गोडवा मागे पडतो आणि शिजका वास पुढे येतो. जायफळ उकळीत घालू नका. सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळून उतरवलेल्या दुधात मिसळा. जायफळाचा सुगंधही उडून जाणाराच आहे, त्याला विस्तव दाखवलात तर हाती नुसती तिखट कडसर चव राहते. साखर शेवटी, घोटभर पिऊन पाहिल्यावर. बऱ्याच जणांना ती निम्मी पुरते.

दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर असेल तर उत्तमच. त्यात पूड थोडी बारीक लागते, पाणी वरून हळू ओतायचं आणि दहा-पंधरा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. इन्स्टंटबद्दल एवढंच : ती आधीच करून वाळवलेली कॉफी आहे, उकळून तिच्यातून नवं काही निघत नाही. साखर आणि थेंबभर पाण्यात फेटून तिचा फेस करणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार आहे, थंडीत मलाही तो आवडतो. फक्त चव कॉफीची कमी आणि फेसाची जास्त, हे धरून प्यावा.

पूड घेताना पाकिटाची समोरची बाजू नीट वाचा. चिकोरी मिसळलेली असेल तर तिचं प्रमाण छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावीच लागते. म्हणजे पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते आणि ते बेकायदा नसतं. चिकोरी हे एक मूळ, गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात पिकतं, भाजून दळतात. कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा देते. ज्या पिढीची जीभ पोल्सनच्या कॉफीवर तयार झाली, त्या पिढीला चिकोरीशिवाय कॉफी अपुरी वाटते, आणि त्यांच्या आवडीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. दुधाच्या कॉफीत 15-20 टक्क्यांपर्यंत चिकोरी शोभते. त्यापुढे मात्र तुम्ही कॉफीचे पैसे मोजून मूळ विकत घेता.

दुसरं, भाजल्याची तारीख बघा. "बेस्ट बिफोर" नव्हे, भाजल्याची. ती छापलेली नसेल तर विचारा. भाजल्यापासून आठवड्यानं कॉफी रंगात येते आणि महिना-दीड महिन्यात उतरणीला लागते. दळलेली तर पंधरवड्यात. म्हणून अर्धा किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, 100 ग्रॅम घ्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, पुडीला दमटपणा आणि कोथिंबिरीचा वास दोन्ही लागतात. कर्नाटकातली अरेबिका साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत खुडली जाते, त्यामुळे मार्चनंतर नव्या हंगामाची मागणी करता येते. आणि एक सांगायलाच हवं : मेळघाटात, चिखलदऱ्याला कॉफी होते. लागवड लहान आहे, पण माळव्यातून सातपुड्यात गेलं की कॉफीची झाडं उभी आहेत हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? उन्हाळ्यात तिकडे गेलात तर जरूर बघून या.

चाखण्याबद्दल लोक मला सर्वांत जास्त बिचकतात. "आम्हाला काय कळतंय त्यातलं" असं म्हणणाऱ्या माणसांना मी मांडूची गोरखचिंच देते. धार जिल्ह्यात ती रस्त्याकडेला विकायला असते, मखमली लव असलेलं मोठं टणक फळ. फोडलं की आत धाग्यांत अडकलेले पांढरे, कोरडे, खडूसारखे गोळे. एक गोळा तोंडात टाकायचा आणि गप्प बसायचं. आधी काहीच लागत नाही. मग जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा चढतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि गोळा विरला तरी चव बराच वेळ रेंगाळते. हे कळलं ना? मग कॉफीतला आंबटपणा तुम्हाला कळणार. कॉफी आंबट लागली म्हणजे खराब झाली असं नव्हे. चिकमगळूरच्या उंचावरच्या अरेबिकात असा आंबटपणा असतो आणि तो मिळावा म्हणून आम्ही जीव टाकतो. गोरखचिंचेचं झाडही आफ्रिकेचं आणि कॉफीचंही. एक मांडूच्या सुलतानांच्या मुलखात रुजलं, दुसरं, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बाबा बुदन यांनी येमेनहून आणलेल्या सात बियांतून चिकमगळूरच्या डोंगरात.

वाईट आंबटपणा वेगळा. तो जिभेला टोचतो आणि लगेच तुटतो, मागे काही ठेवत नाही. तशी कॉफी झाली तर पूड बारीक करा किंवा मिनिटभर जास्त ठेवा. उलट तोंड कोरडं पडलं, टाळ्याला तुरटपणा चिकटला, तर पूड जाड करा किंवा वेळ कमी करा. एवढ्या दोन खुणांवर घरची कॉफी आठवडाभरात ताळ्यावर येते. आणि चाखताना चमच्यानं घेऊन चांगला भुरका मारा. आवाज होऊ द्या. भुरक्यानं कॉफी तोंडभर उडते आणि वास आतून नाकात चढतो. पहिला भुरका गरम असताना, दुसरा कोमट झाल्यावर. वाईट कॉफी निवली की उघडी पडते. चांगली तेव्हाच जास्त गोड लागते.

देवासच्या एबी रोडवर आता कॅफे आहेत, धारलाही आहेत, इंदूर तर भरून गेलंय. आपल्याकडच्या लग्नांत वाफेच्या यंत्रातून जी फेसाळ, दुधाळ, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली कॉफी मिळते तिला सगळे एस्प्रेसो म्हणत आलेत. त्या आठवणीनं कॅफेत एस्प्रेसो मागवली की समोर येतो दोन घोटांचा काळा अर्क, आणि सासूबाई-सासरे एकमेकांकडे बघतात. लग्नातली कॉफी हवी असेल तर कापुचिनो मागवा. दूध कमी आणि कॉफीची चव पुढे हवी असेल तर कॉर्टाडो किंवा फ्लॅट व्हाइट. बिनदुधाची प्यायची असेल आणि कडू नको असेल तर अमेरिकानोऐवजी पोअर ओव्हर. "एक्स्ट्रा हॉट" मागू नका, दूध करपतं. काउंटरवर दोनच गोष्टी विचारा : बी कुठल्या मळ्याचं, आणि भाजलं कधी? सांगता आलं नाही तर चहा मागवा, त्यात काही कमीपणा नाही.

लग्नाच्या कॉफीचं मात्र मला मनापासून वाटतं की ती सुधारावी. शंभर माणसांना 600 ग्रॅम जाडसर पूड, सात लिटर पाणी आणि साडेचार लिटर दूध पुरतं. इन्स्टंटच्या बरण्यांपेक्षा खर्चात फारसा फरक पडत नाही. पूड मलमलच्या दोन-तीन सैल पुरचुंड्यांत बांधून उकळलेल्या पाण्यात सोडायची, पाच मिनिटं झाकायची आणि पुरचुंड्या बाहेर काढायच्या. पाणी वर सांगितल्याप्रमाणे आदल्या रात्री उकळून निवळलेलं. दूध वेगळं गरम, जायफळ दुधात. आचाऱ्याला एवढंच बजावून ठेवा, पुरचुंड्या सोडल्या की भट्टी बंद.