पाटीत पडण्याआधी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना एका वस्तीवर बोहारणीच्या गाठोड्यात मला मॅटीचा एक अभ्रा सापडला. दोन स्टीलच्या वाट्यांवर तो कुठल्याशा घरातून सुटला होता. फुलीच्या टाक्यात भरलेले दोन मोर, मधे कारंजं, कोपऱ्यात 1958 हे साल आणि ‘स’ एवढंच अक्षर. उलटून पाहिला. मागची बाजूही पुढच्यासारखीच नेटकी होती. कुठे गाठ नाही, एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत ओढत नेलेला दोरा नाही. मी घर विचारलं. पण त्या बाईंनी सकाळपासून तीन गावं पालथी घातली होती, कुठल्या उंबऱ्यावर तो मिळाला हे त्यांना आठवेना. अभ्रा आजही माझ्याकडे आहे. काम उत्तम आहे, सालही आहे, पण तो कुणी भरला हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला माझ्यापाशी उत्तर नाही.

जुन्या भरतकामाच्या धंद्यात आपलं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. वस्तू हाती येते आणि तिची माहिती उंबऱ्याच्या आत राहून जाते. टाका, कापड, रंग यांची पारख नंतरही करता येते. कुणी भरलं, कुणासाठी, कुठल्या लग्नाच्या रुखवतात मांडलं, हे फक्त घेतानाच विचारता येतं.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तर हे विचारणं अधिकच गरजेचं आहे, कारण इथे सापडलेली वस्तू इथलीच असेल याची खात्री नसते. वालचंदनगरची वसाहत 1930च्या दशकात साखर कारखान्याभोवती उभी राहिली आणि नोकरीच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबं तिथे आली. पेट्यांमधून त्यांचे टाकेही आले. उजनीचं पाणी भरू लागलं तेव्हा भीमाकाठची गावं हलली. जुन्या पळसदेवचं मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, पण त्या गावांतल्या ट्रंका, वाकळा, कुंच्या कोणत्या घरात गेल्या याची नोंद कुठेच नाही. शिवाय दरवर्षी गळीत हंगामाला मराठवाड्यातून तोडणी कामगार येतात. त्यांत बंजारा कुटुंबंही असतात, आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या गाठोड्यात आरसे-कवड्यांची कांचळी किंवा घड्याखालची मढवलेली चुंबळ असते. ती भवानीनगरच्या फडावर विकत मिळाली म्हणून इंदापूरची होत नाही. तसंच कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव बीडकडच्या तांड्यावरच्या कांचळीला चिकटवलं तर किंमत वाढेलही, पण ते खोटं ठरेल. जिथली वस्तू तिथलंच नाव लावा.

हीच गोष्ट कसूतीची. इरकलीवर टाके दिसले की आपली मंडळी सरसकट ‘कसूती’ म्हणून मोकळी होतात. कसूती छाप न उठवता, कापडाचे धागे मोजून भरतात. म्हणून टाक्यांखाली निळ्या छापाची रेघ दिसली तर तिथेच थांबा. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, नेगी आणि मेंथी तसे दिसत नाहीत. गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन ही नक्षी आजही भरली जाते, त्यामुळे केवळ नक्षीवरून वय सांगू नये.

वयाबद्दल काही खुणा खरोखर उपयोगी पडतात. जुन्या भरतकामात काळा किंवा गडद तपकिरी दोरा आधी झडतो, कारण तो रंग बसवायला वापरलेलं लोह सुताला खातं. बाकी फूल शाबूत आणि काळ्या रेघेच्या जागी नुसती सुईची भोकं, असं दिसलं तर तो दोष मानून नव्या दोऱ्याने भरून काढू नका. ती भोकं वयाची साक्ष देतात. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कापड धरलं आणि पांढरा दोरा लखलखला, तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेलं चमक देणारं रसायन असतं. मात्र धुण्याच्या पावडरीतही तेच असतं, तेव्हा आजीचा रुमाल नातसुनेने पावडरीत धुतला असेल तर दिवा फसवतो. म्हणून घडीच्या आत, शिवणीत दबलेला दोरा पाहा. तिथपर्यंत पावडर कमी पोचते. आणि मालकाच्या परवानगीशिवाय दोरा जाळून पाहू नका. जळून कागदाचा वास आला तर सूत, केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर, आणि वितळून मणी झाला तर पॉलिएस्टर, हे खरं आहे. पण त्यासाठी सुटून लोंबणारा तुकडाच घ्यावा.

गोधडीबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. ती अजूनही वजनावर किंवा ‘पुसायला बरी’ म्हणून उचलली जाते. धावदोऱ्याच्या कडेकडेने आत आत जाणाऱ्या चौकटी, आणि जिथे वरचं कापड विरलं तिथे डोकावणारं खालचं लुगडं, हा एका घरातल्या बायकांच्या नेसण्याचा थरांवर थर असतो. वरचा पदर उसवून ‘आतलं चांगलं कापड’ काढणाऱ्यांनी पिशव्या शिवल्या आणि गोधड्या घालवल्या. फाटलेली गोधडी फाटलेली म्हणूनच विका, वर्णनात फाट कुठे आणि किती हे लिहा. जाणता गिऱ्हाईक त्याचे पैसे कापत नाही, लपवलेल्या ठिगळाचे मात्र कापतो. आणि धुऊ तर अजिबात नका. ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा मागच्या बाजूने दाबून रंग सुटतो का एवढं पाहा.

कायद्याची एक बाब थोडक्यात सांगतो. शंभर वर्षं पुरी झालेली कलाकुसरीची वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. मग तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगीरीत्या परदेशी धाडता येत नाही. ‘शंभर वर्षांपूर्वीची’ असं उत्साहाने लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता पैशाचं. ज्या घरातून वस्तू येते त्या घराला आणि जी बाई ती पाटीत वाहून आणते तिला, पुढच्या विक्रीत काहीच मिळत नाही. उन्हातान्हात दारोदार फिरणारी बोहारीण आपल्या धंद्याची पहिली पारखी आहे. तिला आपण माहितीचे वेगळे पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे. गावाचं नाव, घरातल्या आजीचं नाव, अदमासे साल एवढं तिने वहीच्या चतकोर पानावर कुणाकडून तरी लिहवून आणलं तर प्रत्येक चिठ्ठीमागे ठरलेली रक्कम रोख द्यावी. तोडणीच्या फडावर उचल फेडण्यासाठी कुणी कांचळी काढून देत असेल, तर अडचणीचा भाव न पाडता बाजाराचा भाव द्यावा, आणि विकायची नसेल तर मागूही नये.

पुढच्या अंकापासून वाचकांकडे आलेल्या एकेका वस्तूची नोंद आपण छापणार आहोत. घरच्यांची संमती असेल तरच नाव छापू, नसेल तर फक्त गाव. छायाचित्रं दोन्ही बाजूंची हवीत, उलट्या बाजूचं थोडं जवळून घेतलेलं. पहिली नोंद त्या मोरांच्या अभ्र्याची असेल. ‘स’ हे अक्षर आणि 1958 हे साल कुणाच्या घरात ओळखीचं निघालं, तर अभ्रा आधी त्या घरी दाखवायला नेईन.