वारी उरकता येत नाही

एका दिवसात वारी होत नाही. एका दिवसात झाली असं ज्यांना वाटतं, ते फिरायला गेले होते. फिरायला जाण्यात पाप काही नाही. पण त्याला वारी म्हणू नका. म्हणायचंच असेल तर निदान माझ्यासमोर म्हणू नका.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठ वद्य एकादशीला मी दिंडीबरोबर दिवे घाट चढत होते. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा फार लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात उपास. या घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. माणसांची काय गत होत असेल ते ओळखा. तळपायाला फोड आलेली माणसं टाळाचा ठेका न सोडता चढत होती. मधल्या एका वळणावर पन्नास-साठ जणांचा घोळका उभा होता. एकसारखे भगवे टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव, हातात कोरे करकरीत टाळ. बसमधून पायथ्याशी उतरून आलेले. त्यांच्या म्होरक्याने आमच्यातल्या सत्तरीच्या एका टाळकऱ्याला हात आडवा घालून थांबवलं आणि म्हणाला, "बाबा, जरा मागे जाऊन परत या ना, व्हिडिओत नीट आलं नाही." म्हातारा मागे गेला. उपाशीपोटी, घाटात, चढावर. त्या दिवशीचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

त्या मंडळींना संध्याकाळी 'वारी पूर्ण केल्याबद्दल' प्रमाणपत्रं वाटली, हे नंतर कानावर आलं.

काय पूर्ण केलं? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. अठरा-वीस दिवस रोज पहाटे अंधारात उठायचं, टँकरच्या पाण्याने अंघोळ उरकायची, राहुटी पाडून ट्रकवर चढवायची, चालायचं, विसाव्याला भाकरी खायची, पुन्हा चालायचं. मुक्कामावर समाज आरती. आरतीआधी चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकाच वेळी थांबतात. ती शांतता कोणी लाऊडस्पीकरवरून हुकूम देऊन आणून दाखवावी! हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त घालून दिली. तेव्हापासून पिढ्यामागून पिढ्या त्या चोपाकडे बघून थांबायला शिकत आल्या, म्हणून आज ती शांतता होते.

आणि पंढरपुरात पोचल्यावर? आषाढीला दर्शनबारी इतकी लांबते की असंख्य वारकरी रांगेत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत बुडी मारतात, नामदेव पायरीपाशी डोकं टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि परतीची वाट धरतात. मूर्ती दिसली नाही म्हणून कोणी रडत नाही, कोणाच्या नावाने बोटं मोडत नाही. वीस दिवसांत जे मिळायचं ते वाटेतच मिळालेलं असतं. ओळखीच्या माणसाला फोन करून मागच्या दाराने दहा मिनिटांत पायांवर डोकं ठेवून येणाऱ्यांना हे कधीही कळणार नाही. रांगेतल्या माणसाचा वेळ चोरून घेतलेलं दर्शन आहे ते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. ज्याला रजा मिळत नाही, रोज बुडाला तर चूल पेटत नाही, असा हमाल किंवा घरकाम करणारी बाई दरवर्षी नेमाने एकच टप्पा चालत असेल, तर ती माणसं माझ्या लेखी पक्के वारकरी आहेत. वर्षानुवर्षं न चुकता एक टप्पा चालणं हा नेम झाला.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक मावशी आहेत. शेतमजुरीत जन्म गेला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, सहीच्या जागी अंगठा. सत्तावीस अभंगांचा हरिपाठ मात्र तोंडपाठ. साठीच्या आसपास त्यांनी हरिपाठाची एक छोटी पोथी घेतली, दुधाच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचली आणि रोज एका ओळीखाली बोट फिरवायला लागल्या. ओठांवर शब्द आधीपासून होताच. त्याचा कागदावरचा चेहरा शोधायचा होता. पहिल्या वर्षी त्यांना फक्त 'हरि' ओळखू यायचा. पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या पडल्या. चौथ्या वर्षी आम्ही सासवडला मुक्कामी होतो, रस्त्याने एसटी गेली आणि मावशी एकदम म्हणाल्या, "बा-रा-म-ती. बाई, बारामतीची गाडी हाय ती." मी रडले. त्या नाही रडल्या. भाकरी थापत होत्या, थापत राहिल्या.

कोणत्या शिबिराने हे केलं असतं? 'महिनाभरात इंग्रजी', 'एकवीस दिवसांत वजन कमी', आणि आता तर 'पंधरा दिवसांत कीर्तनकार' अशाही जाहिराती मी पाहिल्या आहेत. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. माधुकरी मागून शिकलेली पोरं तिथून उभी राहिली. त्या चार वर्षांना पंधरा दिवसांत बसवणारा माणूस कीर्तन शिकवत नाही, तो लोकांच्या श्रद्धेच्या जिवावर दुकान चालवतो. त्याची फी भरणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. कष्टाचा रस्ता दिसत असताना आपण आडवाट विकत घेतो, आणि फसलो की नशिबाला दोष देतो.

यावर एक शहाणा मला म्हणाला, "म्हणजे तुमचंही तेच, सगळं सावकाश होऊ द्या." अजिबात नाही. 'सावकाश' या शब्दाआड या महाराष्ट्रात फार पापं लपली आहेत. चोखामेळ्याची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि त्याच्या माणसांना शेकडो वर्षं त्या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. 'लोकांची मनं हळूहळू बदलतील' असं सांगणारे तेव्हाही होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा कुठे मंदिर उघडलं. त्याआधी काही महिने ते गावोगाव फिरून एकेका सभेत लोकांना विनवत होते. उपोषणाचे ते दिवस सगळ्यांना आठवतात, आधीची ती पायपीट कोणाला आठवत नाही. जागचे न हलता 'सावकाश' म्हणणाऱ्यांनी चालणाऱ्यांशी नातं सांगू नये. सावकाश चालणारा रोज पाऊल टाकतो. बसून राहणारा आणि बसने येणारा, दोघांनाही पाऊल टाकायचं नसतं.

घाटातल्या त्या टी-शर्टवाल्यांपैकी एक मुलगी घोळक्यातून बाहेर आली होती, हेही सांगायला हवं. म्हाताऱ्या टाळकऱ्याला तिने पाणी दिलं, मान खाली घालून माफी मागितली आणि सासवडपर्यंत आमच्याबरोबर चालली. यंदा ती एकटी आली होती. पाच दिवसांची रजा काढून. पुढच्या वर्षी सात मिळतात का बघते म्हणाली.

हरिपाठ वाचून झाल्यावर मावशींनी ज्ञानेश्वरी उघडली आहे. रोज दोन ओव्या, अंगात ताप असला तर एक. एकूण ओव्या नऊ हजारांच्या घरात. मी हिशेब करून सांगितलं, "मावशी, बारा वर्षं लागतील." त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आज कोणती तिथी?" यंदा वाखरीच्या मुक्कामात त्या पहिल्या अध्यायाच्या एकशे एकेचाळिसाव्या ओवीवर होत्या.