आलेख पाठवा, आलेखाचा फोटो नको!



सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख. परीक्षा जवळ आली की या घटकांच्या कार्यपत्रिका आपल्या ग्रुपवर धडाधड येऊ लागतात. कोणी जिओजेब्रात आलेख काढतं, कोणी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये. ही मेहनत खरंच कौतुकाची आहे. पण शेवटी होतं काय? स्क्रीनशॉट काढला, जेपीजी झाला, ग्रुपवर टाकला. तो चार ग्रुपांत फिरतो, त्याची प्रिंट निघते, प्रिंटची झेरॉक्स निघते. मुलाच्या हातात जे पडतं, त्यात ३५ आहे की ३६ तेच कळत नाही. मुलाला आलेख वाचता येत असतो, पण आकडा दिसत नाही. गुण मात्र त्याचेच जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आलेख कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये बाहेर काढायचा, हा प्रश्न फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही. तो आपल्या अध्यापनाचा भाग आहे.

जेपीजी आलेखासाठी नाहीच

जेपीजी हा प्रकार फोटोंसाठी तयार झाला. तो चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करतो आणि फाइल लहान व्हावी म्हणून बारीक तपशील गाळतो. झाडाच्या फोटोत हे जाणवत नाही. पण आलेखात पांढऱ्यावर काळी रेघ असते, बारीक अंक असतात. तिथे रेघेच्या कडेला धुरकट डाग पडतात. पुन्हा पुन्हा लहान करून पाठवलं की ते वाढतच जातात.

पीएनजी चालेल, पण मोठी हवी

पीएनजीत काही गाळलं जात नाही, रेघ स्वच्छ राहते. वर्गातल्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवायला ती उत्तम. पण तीही ठिपक्यांचीच बनलेली असते. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंमी. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे रुंदीला साधारण २४८० ठिपके हवेत. १००० ठिपक्यांचं चित्र पानभर ताणलं तर इंचाला जेमतेम १२० येतात. मग अंक पायऱ्या-पायऱ्यांचे दिसणारच.

एसव्हीजी आणि पीडीएफ

एसव्हीजीत ठिपके साठवत नाहीत. 'इथून इथपर्यंत रेघ ओढ, इथे आयत काढ' अशा सूचना साठवलेल्या असतात. त्यामुळे चित्र वहीएवढं करा नाहीतर फळ्याएवढं, रेघ तशीच धारदार. एक अडचण मात्र आहे. त्यात बहुतेक वेळा फॉन्टचं फक्त नाव असतं. समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, तर आपली मराठी अक्षरं वेगळीच दिसू शकतात.

पीडीएफमध्येही सूचना असतात आणि बहुधा फॉन्टही सोबत जातो. म्हणून छपाईसाठी पीडीएफच बरी. शिवाय आपल्या विषयात प्रमाण महत्त्वाचं. '१ सेंमी = १० विद्यार्थी' असं लिहिलं असेल, तर मुलाने पट्टी लावली की १ सेंमीच भरला पाहिजे. जिओजेब्रा क्लासिकमध्ये चित्र बाहेर काढताना १ एकक किती सेंमीचं हे ठरवता येतं. प्रिंट देताना 'पानात बसवा' हा पर्याय न निवडता 'मूळ आकार' निवडा, नाहीतर प्रमाण बिघडतं. झेरॉक्सवाल्यालाही लहान-मोठं न करता काढायला सांगा.

आणि मूळ फाइल?

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिओजेब्राची मूळ फाइल जीजीबी, कॅल्कची ओडीएस. ती मिळाली तर दुसरा शिक्षक आकडे बदलून आपल्या वर्गाचा आलेख बनवू शकतो. कोणाच्या गावात ऊस, कोणाच्या गावात भात. मुलांना आपल्याच गावाची माहिती आलेखात दिसू दे की! फोटो पाठवला तर दुसऱ्याला फक्त नक्कल करता येते.

काही जण म्हणतील, "अहो, पालकांकडे साधा मोबाइल, त्यावर फोटोच पटकन उघडतो." बरोबर आहे. पण पीडीएफही बहुतेक मोबाइलवर उघडते, आणि साध्या स्तंभालेखाची पीडीएफ बरेचदा फोटोपेक्षाही लहान असते. घाईत फक्त दाखवायचं असेल तर फोटो पाठवा, माझी हरकत नाही. मुलाने त्यावरून उत्तर लिहायचं असेल, तर नको.

तेव्हा पुढची कार्यपत्रिका टाकताना दोन फाइली टाकूया: छापायला पीडीएफ आणि सुधारायला मूळ फाइल. दोन्ही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे वाटेत त्यांचा दर्जा घसरणार नाही. पालकांनो, तुमच्या मुलाच्या कागदावरचा अंक पुसट असेल तर बिनधास्त विचारा, "सर, मॅडम, याची पीडीएफ आहे का?" आम्हाला राग येणार नाही, आलाच तर हा लेख दाखवा!